पाटणच्या सांबराबद्दल: त्याच्या बसायच्या जागेत उतरू नका

तीन रविवार ओढ्याकाठी बसलात, सांबर ओरडलेलं ऐकलं, चेपलेलं गवत सापडलं, पण नर दिसला नाही. आता थेट त्या गवतापाशीच लपून बसू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून मला माझाच जुना शहाणपणा आठवला.

आधी सांगतो, मी वनखात्यातला नाही. आणि शिकारीसाठी कुणी हे वाचत असेल तर ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, विषय संपला.

आमच्या मामाच्या मालकी रानावर, सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या) कड्याखाली एक मोठा नर दिवसा बसायचा. पूर्वेकडचा उतार, वरचा तिसरा हिस्सा, मागे कारवीची जाळी. जागा त्याने उगाच नव्हती निवडली. दुपारी कोकणातून चढून आलेला वारा सड्यावरून त्याच्या पाठीवर यायचा, म्हणजे मागचं नाकाला कळायचं आणि खालचं डोळ्यांना दिसायचं. महाशिवरात्रीच्या सुमारास मी सकाळी साडेआठला ओढ्यातून वर चढलो. गार हवा रात्री खाली उतरते, तेव्हा आपला वास खालीच राहणार, असा माझा हिशोब. पण पूर्वेच्या उतारावर ऊन आधी पडतं. उतार तापला की हवा उलटी वर चढू लागते. शंभर पावलांवर एकदाच ओरडला आणि गेला.

इथवर चाललं असतं. पण मी त्या चेपलेल्या गवतात जाऊन बसलो, तिथून काय दिसतं ते बघत! घाम, तंबाखू, सगळं तिथे सोडून आलो. नंतर दीड महिना तो तिथे फिरकला नाही. पुन्हा दिसला तेव्हा शिंगं गळून गेली होती.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): समोरच्या डोंगराच्या सोंडेवर (खाली उतरत गेलेल्या धारेवर) बसा, मध्ये दरी राहू द्या आणि दुर्बीण घ्या. उजाडायच्या आत जागा धरायची, हलायचं नाही. गोवरीची राख फडक्यात बांधून न्या, चिमूटभर सोडली की वारा कळतो. मोबाइलमधला वाऱ्याचा अंदाज दरीत काही कामाचा नाही.

तुमचा डोंगर कोयनेच्या अभयारण्याला लागून असेल तर हद्द आधी विचारून घ्या. मी विचारायला गेलो तेव्हा एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. चार फेऱ्यांनंतर शिपायानेच भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. असो.

नुसता फोटोच हवा असेल तर देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर बरं, तिथे सांबर, चितळ कुंपणाच्या आत आहेत. आणि वाटेत गळालेलं शिंग दिसलं तरी उचलू नका. ते सरकारी मालमत्ता ठरतं, घरात सापडलं की तुमचीच चौकशी.