आयर्लंडमधला बॅरिस्टर आधी हायकोर्टाचा न्यायाधीश न होता थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो का?

हो, जाऊ शकतो. आणि काहीजण गेलेही आहेत. एड्रियन हार्डिमन २००० मध्ये वकिलीतून थेट सुप्रीम कोर्टात आले. डोनल ओ'डॉनेल यांनी १९८२ मध्ये वकिली सुरू केली, १९९५ मध्ये सीनियर काउन्सेल (ज्येष्ठ वकिलाचा दर्जा) झाले, २०१० मध्ये थेट सुप्रीम कोर्टात नेमले गेले आणि २०२१ मध्ये सरन्यायाधीश झाले. याचं कारण तिथल्या कायद्यातच आहे. हायकोर्ट असो वा सुप्रीम कोर्ट, वकिलासाठी मुख्य अट एकच: किमान १२ वर्षांची वकिली. आधी न्यायाधीश असायलाच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही. सीनियर काउन्सेल असणंही सक्तीचं नाही, पण व्यवहारात थेट वर जातात ते नावाजलेले सीनियरच. २००२ च्या कायद्यापासून सॉलिसिटरनाही (मुख्यतः पक्षकारांना सल्ला देणारे आणि कागदपत्रं तयार करणारे वकील) हा मार्ग खुला आहे.

मात्र हा राजमार्ग समजू नका. बहुतेकजण हायकोर्टातून वर जातात. सुझन डेनहॅम १९९१ मध्ये हायकोर्टात, १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात आणि २०११ मध्ये पहिल्या महिला सरन्यायाधीश, अशा चढल्या. शिवाय घटनेच्या अनुच्छेद ३५ नुसार नेमणूक राष्ट्रपती करतात ती सरकारच्या सल्ल्याने. म्हणजे खरा निर्णय मंत्रिमंडळाचा. २०२५ पासून मात्र न्यायिक नियुक्ती आयोगाने शिफारस केलेल्या नावांतूनच मंत्रिमंडळाला निवड करावी लागते.