रोज ऑडिओ बायबल ऐकतो, चर्चही चुकवत नाही, तरी वचन जगण्यात उतरत नाही. रोज किती अध्याय ऐकावेत?

किती अध्याय, असं विचारलंत. माझं मत विचाराल तर पुढचा एकही नको. आधी मागच्याचं काय केलंत ते बघा. हे मला माझ्या आजीने शिकवलं आणि तिला अक्षरओळख नव्हती.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरात आलं, त्यांच्याच कामातून पुढे आमचं घराणं ख्रिस्ती झालं. मी चौथीत होतो. रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसून आजीला बायबल वाचून दाखवायचं, हे माझं काम. एकदा मत्तयाचा पाचवा अध्याय निघाला. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. आजी म्हणाली, "परत वाच." दुसऱ्या दिवशी मी सहावा अध्याय काढला तर म्हणाली, "कालचंच वाच. ते अजून व्हायचंय." तीन आठवडे मी तेवढंच वाचत होतो.

आजीचं आणि तिच्या धाकट्या जावेचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. विहीर सामाईक, आणि पाण्याच्या पाळीतला गुरुवार आजोबांनी दमदाटी करून आपल्याकडे घेतला होता. तेव्हापासून जाऊ चर्चलाही येईनाशी झाली होती.

सुगीच्या सणाला आजी पाटीभर बाजरी घेऊन निघाली. आत गायन सुरू झालं होतं. ती दारातच थांबली, पाटी चपलांच्या शेजारी उतरवली, माझं मनगट धरलं आणि मागे फिरली. जाऊ अंगणात राखेने भांडी घासत होती. वर न बघताच म्हणाली, "पाण्याचं काय?" आजी म्हणाली, "गुरुवार तुझा. आमचं चुकलं." रडारड नाही, गळ्यात पडणं नाही. जावेने हात धुतले आणि माझ्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घातले. आम्ही परत पोचलो तोवर उपासना सुटली होती, पाळकसाहेब कुलूप लावत होते. त्यांनी पुन्हा दार उघडलं, पाटी आत नेली, प्रार्थना केली. रात्री आजी म्हणाली, "आता पुढचं वाच."

त्या उन्हाळ्यात आमचा कांदा पाण्यावाचून वाळला. आजोबांनी वर्षभर ऐकवलं. गुरुवार मात्र परत घेतला नाही.

"पोरगं ऐकत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा पोराचे कान ठीकच असतात. आजीच्या लेखी ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं. जुन्या करारातल्या हिब्रू 'शमा' या शब्दातही ऐकणं आणि मानणं दोन्ही आहे. याकोबाच्या पत्रात आरशात तोंड बघून विसरून जाणारा माणूस आहे ना, तसे आपण दर रविवारी चर्चमधून बाहेर पडतो.

माझा थोरला भाऊ हे मानत नाही. दरवर्षी तक्ता लावून अख्खं बायबल संपवतो. आजीची गोष्ट काढली की इफिसकरांस दुसऱ्या अध्यायातली आठ-नऊ वचनं म्हणतो: तारण कृपेने, कृत्यांनी नव्हे. मान्य, शंभर टक्के मान्य. पण दादा, दहावं वचन का गाळतोस? सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला घडवलं, असं तिथंच लिहिलंय. वडील गेल्यावर ताईने आपला वाटा मागितला. आपल्याला लागू असलेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तरी दादाने तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं आणि चार वर्षं तिच्याशी बोलत नाही. बायबलमधला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झाला. इथं फक्त तिचं तिला द्यायचंय.

वाचन कमी करा असं मला म्हणायचं नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावात दुष्काळातल्या मुलींना पोटाशीही धरलं. दोन्ही होतं.

आणखी एक. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, असा मत्तय पाचचा अर्थ सांगणारे उपदेशक मी ऐकलेत. साफ चूक आहे. त्या वचनात उठून जायचंय ते ज्याच्याविषयी दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याने. मार खाणारीने नव्हे.

तुमच्यासाठी एवढंच, की ऐकता ऐकता एखादं माणूस आठवलं तर ऑडिओ तिथंच थांबवा आणि त्याच्याकडे जाऊन या. वारसनोंदीत ताईचं नाव लागावं म्हणून मी गेल्या महिन्यात तलाठ्याकडे अर्ज दिलाय. दादाची सही अजून झालेली नाही.