फाइल कोणी डिलीट केली? कोणीच नाही!

प्रश्न : मी धंतोलीत एका सीए सरांच्या ऑफिसात अकाउंट्स पाहते. आमच्या चार पीसीवर एकच गूगल ड्राइव्ह आहे, सगळीकडे सरांच्याच आयडीनं लॉगिन. जीएसटीचं रिकन्सिलिएशन करायची एक मॅक्रोवाली (बटण दाबलं की आपोआप काम करणारी) एक्सेल शीट आहे, तिच्यावर सरांच्या पीसीत आठवडाभर अँटिव्हायरसची वॉर्निंग येऊन राहिली होती, रोज म्हणायचं "क्वारंटाइन केलं" अन् दुसऱ्या दिवशी परत हजर. परवा तीच वॉर्निंग माझ्या पीसीवर पहिल्यांदा आली आणि त्याच दुपारी फाइल सगळ्यांकडूनच गायब! सर विचारून राहिले कोणी डिलीट केली म्हणून, ड्राइव्हची ॲक्टिव्हिटी उघडून पाहिली तं तिथं सरांचंच नाव. आता फाइल परत आणू का, आणि आणली तं व्हायरस चारही पीसीत पसरेल का?

उत्तर : ताई, आधी ती चौकशी बंद करायला सांगा, कोणीच डिलीट केली नाही. तुमच्या पीसीवर ड्राइव्ह मिरर मोडमध्ये असणार, म्हणजे फाइलची खरीखुरी कॉपी हार्ड डिस्कवर राहते. अँटिव्हायरसनं ती उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंद कोठडीत, टाकली, ड्राइव्हच्या प्रोग्रामला एवढंच दिसलं की फोल्डरमधून फाइल गेली, कोणी नेली ते त्याला कसं कळणार, त्यानं इमानदारीत क्लाउडवरूनही काढली आणि बाकीच्या पीसीवरूनही, आणि लॉगिन सरांचं म्हणून नाव लागलं सरांचं. (चार जणांत एकच आयडी ही गोष्ट मला अजिबात पटत नाही, पण ते नंतर कधीतरी.)

सरांच्या पीसीवर रोज का यायची, तर तिथं बहुतेक स्ट्रीम मोड आहे, म्हणजे फाइल क्लाउडवरच राहते, उघडली की तिची तात्पुरती कॉपी (तिलाच कॅश म्हणतात) पीसीत येते. वॉर्निंगमध्ये फाइलचा पूर्ण पाथ दिलेला असतो, तो कोणी वाचतच नाही, लाल रंग दिसला की घाबरून ओके दाबायचं. विंडोजचा डिफेंडर असेल तर "प्रोटेक्शन हिस्ट्री"त जाऊन ती नोंद उघडा. पाथमध्ये "ड्राइव्हएफएस" आणि पुढे "कंटेंट कॅश" असं दिसलं, आणि फाइलचं नाव म्हणजे नुसता आकडा, शेवटी एक्स्टेन्शन वगैरे काहीच नाही, तर ती ड्राइव्हची कॅश समजा. अँटिव्हायरस कॅशमधली कॉपी उडवतो, मूळ फाइल क्लाउडवर जशीच्या तशी बसलेली, सरांनी सकाळी शीट उघडली की ड्राइव्ह नवी कॉपी खाली आणतो आणि अँटिव्हायरस परत ओरडतो. हे वर्षभरही चालू शकतं. पण म्हणून कॅशचं फोल्डर हातानं डिलीट करू नका हं, अपलोड व्हायचे राहिलेले बदल त्यातच असू शकतात.

आता करायचं काय. चारही पीसीवर सिंक (ड्राइव्हची आपोआप देवाणघेवाण) पॉज करा, आणि चारही म्हणजे चारही, एक जरी चालू राहिला तर इकडे तुम्ही काढाल आणि तिकडून परत चढेल. मग ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ट्रॅशमध्ये पाहा, फाइल तिथं ३० दिवस राहते, म्हणजे घाई नाही. रिस्टोअर करा, पण डाउनलोड करू नका, तिथंच गूगल शीट्समध्ये उघडून पाहा. एक्सेलचा मॅक्रो व्हीबीए नावाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि तो शीट्समध्ये चालतच नाही, त्यामुळे नुसतं पाहिल्यानं काही बिघडत नाही.

फाइल खरंच खराब आहे की उगाच बोंब, हे ओळखायला मी पहिले तारीख पाहतो. "मॅनेज व्हर्जन्स"मध्ये फाइल शेवटची कधी बदलली ते दिसतं (जुनी व्हर्जन्स ३० दिवस किंवा १०० पर्यंत राहतात). शीट महिनोन्‌महिने कोणी बदलली नाही आणि वॉर्निंग अचानक आली, तर अँटिव्हायरसच्या नव्या अपडेटचा गैरसमज असायची शक्यता जास्त. रात्री दोन वाजता बदललेली दिसली आणि तेव्हा ऑफिसात कोणी नव्हतं, तर मात्र गैरसमज म्हणून सोडू नका, पासवर्ड पहिले बदला. तारखेवरून शंभर टक्के कळत नाही, जुनी फाइल आधीपासूनच खराब असून आता ओळखली गेली असंही होतं. दुसरं म्हणजे व्हायरसचं नाव वाचा. डिफेंडरनं दिलेल्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि "एमएल" असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज आहे, नेमका ओळखलेला व्हायरस नाही, आणि अंदाज चुकतो कधी कधी.

तुमच्या जागी मी तर सरळ ती शीट गूगल शीट म्हणून सेव्ह केली असती आणि साध्या एक्सेल फाइलमध्ये (एक्सएलएसएक्स) उतरवून घेतली असती, त्या फॉरमॅटमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. आकडे, फॉर्म्युले येतात, बटणं जातात. मॅक्रो ज्यानं बनवून दिला त्याच्याकडून स्वच्छ कॉपी मागा, आणि तो कोणी बनवला हेच ऑफिसात कोणाला माहीत नसेल (बहुतेक ठिकाणी नसतंच, आधीचा कोणी मुलगा करून गेलेला असतो) तर त्याचा नाद सोडा. जुनी फाइल ट्रॅशमधूनही काढा, चारही पीसीवर फुल स्कॅन लावा, मग सिंक चालू. आणि कोणी म्हणेल की पूर्ण ड्राइव्ह फोल्डरच अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये (न तपासायच्या यादीत) टाका, कटकट मिटेल, तर त्याचं ऐकू नका. बाहेरून सगळ्यात जास्त फाइली त्याच दारानं येतात.

प्रश्न : महालात माझं डीटीपीचं दुकान आहे. फॉन्ट आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे सेटअप वनड्राइव्हवर ठेवले आहेत, त्यात एक कीजेन (लायसन्सची बनावट की बनवणारा प्रोग्राम) आहे, अँटिव्हायरस त्याला "हॅकटूल" म्हणतो. भाऊ, इतकी वर्षं वापरून राहिलो, काही झालं नाही. फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाकला तं चालेल ना?

उत्तर : नाही चालणार भाऊ. "हॅकटूल" म्हणजे व्हायरसच असं नाही, लायसन्स तोडायचं साधन एवढाच त्याचा अर्थ, पण त्याच पुडीत दुसरं काय बांधून दिलंय हे तुम्हालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नसेल. असा माल बहुतेक पासवर्डवाल्या झिपमध्ये येतो, सोबत एक टेक्स्ट फाइल, "पासवर्ड १२३४, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा". पासवर्ड असला की स्कॅनरला आत पाहता येत नाही, म्हणूनच तो टाकलेला असतो. वनड्राइव्हवर असतानाही ती झिप गुपचूप पडून राहते, ज्या पीसीवर उघडाल तिथं पहिल्यांदा बोंब होते. तुमच्याकडे तर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन येतात, त्यांच्या फाइली त्याच पीसीत, त्याच वनड्राइव्हवर. एक्सक्लूजन लावलं की त्या फोल्डरमध्ये उद्या जे काही येईल ते बिनतपासणीचं. काढून टाका. फक्त मराठी टायपिंगसाठी असेल तर युनिकोड कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, फुकट.

प्रश्न : मुलानं पुण्याहून नातवाच्या मुंजीचे फोटो ड्राइव्हवर झिप करून पाठवले. डाउनलोड करताना "ही फाइल व्हायरससाठी तपासता येत नाही" असं येतं. मी घाबरून बंद केलं. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काकू, व्हायरस सापडला असं नाही म्हणत ते. गूगल ड्राइव्ह १०० एमबीपेक्षा मोठी फाइल तपासतच नाही, आणि मुंजीचे फोटो म्हटलं की दोन-तीन जीबी सहज. मुलाला फोन करून "तूच पाठवलंस ना" एवढं विचारा, मग खुशाल उतरवा. उघडल्यावर आत सगळे फोटोच असावेत, एखाद्या नावाच्या शेवटी ईएक्सई किंवा एपीके दिसलं तर तो फोटो नाही, प्रोग्राम आहे, त्याला हात लावू नका.

प्रश्न : हायकोर्टाजवळ टायपिंगचं काम करतो. वकील साहेबांच्या शेअर्ड फोल्डरमधल्या एका वर्ड फाइलवर वॉर्निंग आली. व्हायरसटोटलवर टाकून पाहू का?

उत्तर : व्हायरसटोटल कामाची जागा आहे, ७० च्या आसपास स्कॅनर एकदम काय म्हणतात ते दिसतं. पण तिथं चढवलेली फाइल सिक्युरिटी कंपन्यांना आणि तिथल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते, म्हणजे अशिलाचं ॲफिडेव्हिट तुम्ही स्वतःच वाटून टाकलं. फाइल नका टाकू, तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा कोड, टाका. पॉवरशेलमध्ये "गेट-फाइलहॅश" आणि पुढे फाइलचा पाथ दिला की एक लांबलचक ओळ मिळते, ती तिथल्या सर्चमध्ये पेस्ट करा, मजकूर कुठंच जात नाही. मात्र फाइल आधीच क्वारंटाइनमध्ये गेली असेल तर हॅश काढण्यासाठी ती बाहेर काढत बसू नका. आणि "सापडलं नाही" असं आलं तर फाइल चांगली आहे असं समजू नका, आजवर ती कोणी तिथं टाकली नाही एवढंच. कोर्टाची कागदपत्रं तशीही नवीनच असतात, त्यामुळे तुम्हाला बहुतेक हेच उत्तर मिळेल, तेव्हा साहेबांना म्हणा पीडीएफ करून पाठवा, तुम्ही त्यावरून टाइप करा.