नेटवर्क उपकरणं हाताळणारा एआय एजंट चुकीचं टूल का निवडतो?

स्विचवरच्या पोर्टची (केबल जोडायच्या जागेची) स्थिती बघायला सांगितली आणि एजंटने पोर्ट बंद करणारं टूल चालवलं, यात एजंटमागच्या भाषा-मॉडेलपेक्षा टूलच्या वर्णनाचा, म्हणजे जे वाचून मॉडेल टूल निवडतं त्या मजकुराचा, दोष जास्त आहे. तुमच्या टूलच्या वर्णनात 'इंटरफेस (म्हणजे पोर्ट) हाताळतं' एवढंच लिहिलंय. त्यावरून नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरलाही काही कळलं नसतं.

टूल फक्त वाचतं की बदल करतं, हे पहिल्याच वाक्यात सांगा. मी असं लिहितो: 'स्विचवरचा एक पोर्ट बंद करतं. त्यावरची सगळी वाहतूक लगेच थांबते. नुसती स्थिती पाहायची असेल तर हे वापरू नका, पोर्ट_स्थिती वापरा.' यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. सारख्या दिसणाऱ्या दोन टूलांपैकी कुठलं कधी टाळायचं, हे सांगितल्याशिवाय मॉडेल अंदाजाने उचलतं.

पॅरामीटरचंही, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचंही, तेच. 'व्हीलॅन' (नेटवर्कचा आभासी विभाग) म्हणजे नाव की क्रमांक? '१ ते ४०९४ मधला पूर्णांक, नाव चालणार नाही' असं स्पष्ट लिहा आणि हीच मर्यादा स्कीमातही (पॅरामीटरचा प्रकार ठरवणाऱ्या व्याख्येत) घाला.

बदल फक्त रनिंग कॉन्फिगमध्ये (आत्ता चालू असलेल्या सेटिंगमध्ये) होतो की स्टार्टअप कॉन्फिगमध्येही (डिव्हाइस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) सेव्ह होतो, हे लिहायला बरेच जण विसरतात. मग एजंट 'काम झालं' म्हणून मोकळा होतो आणि डिव्हाइस रीबूट झालं की बदल गायब.

एक कळकळीने सांगतो: सुरक्षा वर्णनाच्या भरवशावर सोडू नका. बदल करणाऱ्या प्रत्येक टूलला माणसाची मंजुरी टूल चालवणाऱ्या सर्व्हरच्या कोडमध्येच सक्तीची करा.