सीमाप्रश्न कोर्टात आहे, म्हणून हप्ता थांबवू का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वीटभट्टीवाल्यांचं पत्र आलंय. घरासाठी बँकेचं १८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षांची मुदत. पाच वर्षं झाली. हप्ता १८,२५७. मेहुणे जामीन आहेत. गेल्या पावसाळ्यात दोन हप्ते थकले होते, ते दिवाळीनंतर भरले. आता एका 'कायदेतज्ज्ञां'नी ५५ हजारांत 'कर्जमुक्तीची फाइल' देऊ केलीय. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात असल्याने इथे कुठल्याच सरकारचा कायदा चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय बँकेने दिले ते नुसते कागद, म्हणजे कर्ज झालंच नाही! फाइल पोस्टाने पाठवायची आणि हप्ते बंद करायचे. "नोटीस आली तरी घाबरायचं नाही म्हणतात की. पिग्मीत ६१ हजार साठलेत, मोडून देऊ काय?"

देऊ नका. हप्ताही थांबवू नका. दुसरं काही वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे.

आधी सीमाप्रश्न, कारण तुमचं मन तिथे गुंतलंय आणि त्या माणसाने नेमकं तेच हेरलंय. महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या १३१व्या कलमाखाली दावा लावला, तो दोन राज्यांमधला आहे. गाव कोणत्या राज्यात, एवढाच त्यातला प्रश्न. तुमचं कर्ज करार कायद्यावर उभं आहे, तो १८७२चा. थकलं तर बँक सरफेसी कायदा, म्हणजे तारण ताब्यात घेऊन वसुली करायचा कायदा वापरते, तो २००२चा. दोन्ही कायदे निपाणीला लागतात तसेच कागलला लागतात. उद्या निकाल आपल्या मनासारखा लागला तरी हप्त्याची तारीख तीच राहणार.

आणि सीमा खरोखर सरकली तेव्हा काय झालं, ते आपल्या जिल्ह्याएवढं कुणाला ठाऊक? १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९व्या कलमाने मुंबई राज्याचे कायदे, बदल होईपर्यंत, इथे तसेच चालू ठेवले. कुणाचं देणं बुडालं नाही, कुणाचं येणंही नाही. माझे आजोबा सीमालढ्यात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले आणि सुटून आल्यावर सोसायटीचं पीककर्ज फेडत बसले. कायदा मोडायचा तर उघड मोडायचा आणि शिक्षा भोगायची, हा त्यांचा हिशेब. १९२८ला बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा दिला नाही, तेव्हा जमिनी जप्त होणार हे त्यांना माहीत होतं. त्यांना कुणी फाइल विकली नव्हती.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. वीस रुपयांचा बाँड, त्यावर लाल शाईचा अंगठा, सहीच्या डोक्यावर 'सर्व हक्क राखून'. सगळा मजकूर मराठीत, फक्त तुमचं नाव इंग्रजीत, तेही सगळं मोठ्या (कॅपिटल) लिपीत. ही कल्पना अमेरिकेतून आलीय. तिथे १९७०च्या दशकापासून काही गट सांगत आलेत की सरकारचा कायदा आपल्याला लागत नाही. १९३३ला अमेरिकेने लोकांच्या हातातलं सोनं काढून घेतलं, तेव्हापासून सरकारने प्रत्येकाच्या नावाचा एक कागदी माणूस उभा केलाय, कर्ज त्याचं, आपलं नाही, असा त्यांचा सिद्धांत. कागदी माणूस ओळखायचा कसा? नाव मोठ्या अक्षरांत असलं की तो. आता देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच. मग तुमच्या तज्ज्ञांनी नाव तेवढं इंग्रजीत घातलं!

हे तिकडेही चाललेलं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २०१२ला एका घटस्फोटाच्या खटल्यात न्यायाधीशांनी अशा सगळ्या युक्तिवादांवर सातशेहून अधिक परिच्छेदांचं निकालपत्र लिहिलं आणि एकूण एक फेटाळले. हे विकणाऱ्या 'गुरूं'नाही त्यात खडसावलंय.

नोटेवरचं 'अदा करण्याचं वचन' दाखवून पैसाच खोटा ठरवतात, त्यावर जास्त बोलत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६व्या कलमाने नोट हे कायदेशीर चलन आहे. मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे, त्यात कन्नड चौथी आणि मराठी आठवी. दोन्हींत किंमत एकच लिहिलीय. आणि नोट नुसता कागद असेल, तर हे गृहस्थ ५५ हजार कशाचे मागतात?

खरं नुकसान तारखांचं होतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. मग बँक सरफेसीच्या १३(२) कलमाची ६० दिवसांची नोटीस काढते. त्या काळात तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येतं. हे दरवाजे खरे आहेत. तिथे तुम्ही लाल अंगठ्याचं पत्र टाकून निवांत बसलात, तर ते दिवस परत येत नाहीत.

सहा महिने हप्ते बंद ठेवलेत तर शिल्लक १४ लाख ४१ हजारांवरून १५ लाख ७ हजारांवर जाईल, दंडाची आकारणी वेगळी. भरत राहिलात तर ती १३ लाख ९६ हजारांवर येते. आणि मेहुणे! करार कायद्याच्या १२८व्या कलमाने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक त्यांच्याही दारात जाईल आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत-नोंद, त्यांचंही बिघडेल. ही फाइल घ्यायची, असं त्यांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

अशा गोष्टींत सत्याचा एक कण असतो, म्हणून माणूस फसतो. कर्नाटकात २०२५ला सूक्ष्म कर्जांच्या जाचाविरुद्ध कायदा आला. नोंदणी नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांना दिलेलं कर्ज फिटलं असं धरायची तरतूद त्यात आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्या त्यात येत नाहीत, तुमची बँकही नाही. पैसे घेऊन 'कर्जमाफीचं प्रमाणपत्र' देणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३मध्येच जाहीर केलंय.

आता तुमचं खरं दुखणं. वीट विकते दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत, हप्ता मात्र बारा महिने. खानापूरचा पाऊस काय सांगायचा तुम्हाला! जून ते सप्टेंबर चार हप्ते म्हणजे ७३ हजार. पिग्मीत ६१ आहेतच. मेपर्यंत आणखी १२ हजार बाजूला पडले की पावसाळा निघाला. पिग्मी मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज जातं आणि वर कमिशन कापतात, म्हणून मुदत मे-जूनमध्ये संपते का ते एजंटाला विचारा. तेच ५५ हजार मुदलात भरले तर साधारण सात हप्ते कमी होतील हे खरं, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला त्यावर दंडही नाही. पण तुमच्यासारख्या हंगामी धंद्याला मी आधी पावसाळ्याची सोय करायला सांगेन.

तेवढ्यानेही जमत नसेल तर मुदत तीन वर्षांनी वाढवून मागता येते. हप्ता १५,७०५ होईल, पण शेवटपर्यंत सुमारे २ लाख ५९ हजार जास्त जातील. मला हा मार्ग फारसा आवडत नाही. जायचंच तर थकण्याआधी, लेखी अर्ज घेऊन जा आणि सिबिलवर काय नोंद पडेल ते शाखेत आधीच विचारा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

पाच हजार ॲडव्हान्स दिलाय, असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलंय तुम्ही. ऑनलाइन दिला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आजच फोन करा. त्याहून महत्त्वाचं, घराचे फॉर्म ९ आणि ११ (ग्रामपंचायतीचे मालमत्तेचे उतारे) आणि सही केलेले कोरे बाँड त्यांच्याकडे असतील तर परत आणा. एकटे जाऊ नका, मेहुण्यांना सोबत घ्या.