वाचक विचारतात : हंट्सविल वाढतंय, म्हणजे नेमकं काय वाढतंय?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील हंट्सविल या शहराविषयी या वेळी चार पत्रं आली. शहर मध्यम आकाराचं, पण लोकसंख्या आणि नोकऱ्या दोन्ही वाढताहेत, म्हणून बातम्यांत सारखं असतं. आकड्यांचा गोंधळही तितकाच.

प्रश्न : एके ठिकाणी अलाबामातलं सर्वांत मोठं शहर हंट्सविल असं वाचलं, दुसरीकडे बर्मिंगहॅम. खरं काय? (सांगली)

दोन्ही खरं, फरक हद्दीचा. २०२० च्या जनगणनेत हंट्सविल शहराच्या हद्दीत २,१५,००६ माणसं होती, बर्मिंगहॅमच्या हद्दीत २,००,७३३. महानगर क्षेत्र (शहर आणि त्याला जोडलेल्या आसपासच्या काउंट्या, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग) धरलं की चित्र उलटतं. हंट्सविलचं क्षेत्र मॅडिसन आणि लाइमस्टोन या दोन काउंट्यांचं, तिथे ४,९१,७२३. बर्मिंगहॅमच्या क्षेत्रात ११ लाखांहून जास्त. बर्मिंगहॅमची बहुतेक माणसं उपनगरांत राहतात आणि त्या उपनगरांच्या पालिका वेगळ्या आहेत. हंट्सविल मात्र पश्चिमेला लाइमस्टोनमध्ये हद्दवाढ करत गेलं. २०२१ मध्ये सुरू झालेला माझदा-टोयोटाचा मोटार कारखाना अशाच जमिनीवर आहे, आणि आसपास पुढे उभी राहणारी घरंही शहराच्याच खात्यात पडतात. हद्दवाढीचा हा खेळ पुणेकरांना वेगळा सांगायला नको.

तेव्हा तुलना महानगर क्षेत्रांची करावी. तिथेही हंट्सविलची वाढ खरी आहे. २०१० मध्ये ४,१७,५९३, म्हणजे दहा वर्षांत ७४,१३० ची भर, १७.८ टक्के. याला दहाने भागून ‘वर्षाला १.८ टक्के’ म्हणू नका. चक्रवाढीने दर १.६५ च्या आसपास येतो. आणखी एक : जनगणना १ एप्रिलची असते, दरवर्षीचा अंदाज १ जुलैचा. नवा अंदाज जाहीर होतो तेव्हा मागच्या वर्षांचे अंदाजही सुधारले जातात, म्हणून जुन्या तक्त्यातलं एक वर्ष आणि नव्यातलं दुसरं असं जोडू नये.

प्रश्न : नोकऱ्या वाढल्या आणि त्याच महिन्यात बेरोजगारीचा दरही वाढला, हे कसं? (नाशिक)

दोन्ही आकडे केंद्रीय श्रम सांख्यिकी ब्यूरोकडून येतात, पण मोजणी वेगळी. नोकऱ्यांचा आकडा कंपन्या आणि कार्यालयांना विचारून काढतात : महिन्याची १२ तारीख ज्या पगार-कालावधीत येते, त्यात किती जणांचा पगार निघाला. दोन ठिकाणी काम करणारा दोनदा मोजला जातो. शेजारच्या टेनेसीतून रोज गाडीने येणाराही यात येतो, कारण हिशेब कामाच्या जागेचा. बेरोजगारीचा हिशेब राहत्या जागेचा, आणि त्यात काम नसलेला पण शोधणारा तेवढा धरतात. एक कुटुंब नव्याने आलं, बायकोला नोकरी लागली, नवरा अजून अर्ज करतोय : नोकरी एक वाढली, बेरोजगारही एक वाढला. वाढत्या गावात असं होणारच.

हंट्सविलची स्वतःची एक मेख आहे. रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावरचे गणवेशातले सैनिक नोकऱ्यांच्या आकड्यात नसतातच. तिथले मुलकी कर्मचारी ‘केंद्र सरकार’च्या रकान्यात जातात. आणि त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा कंत्राटदार कंपनीचा इंजिनिअर खासगी ‘व्यावसायिक सेवां’मध्ये! सरकारी रकाना लहान दिसतो म्हणून शहर सरकारी पैशावर अवलंबून नाही, असं समजणं चुकीचं.

आकडा स्वतः काढायचा तर ब्यूरोच्या संकेतस्थळावर मालिकेचा वीस अक्षरी क्रमांक टाका. सुरुवातीला ‘एसएमयू’ ही तीन रोमन अक्षरं, मग ०१ म्हणजे अलाबामा, २६६२० म्हणजे हंट्सविल महानगर, आठ शून्यं म्हणजे सर्व बिगरशेती उद्योग आणि शेवटी ०१ म्हणजे कर्मचारीसंख्या. ही मालिका हंगामी चढउतार न काढलेली आहे. डिसेंबर-जानेवारीची तुलना केलीत तर सणासुदीची दुकानं आणि सुट्टीवरची विद्यापीठं मिळून मंदी आल्यासारखं दिसेल. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. शिवाय मासिक आकडा नमुना पाहणीचा असतो. दरवर्षी बेकारी विम्याच्या नोंदींशी ताडून तो दुरुस्त होतो आणि महानगरांच्या बाबतीत दुरुस्ती मोठी निघू शकते. एका महिन्याच्या पाचशे-सातशेच्या वाढीवर मथळा देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : संरक्षण-अवकाश या एकाच उद्योगक्षेत्रावर उभं असलेलं शहर धोक्याचं नाही का? (मडगाव)

आहे, आणि हंट्सविलने ते भोगलंय. १९५० मध्ये १६,४३७ वस्तीचं हे कापसाचं गाव, क्षेपणास्त्रांचं काम आल्यावर १९६० मध्ये ७२,३६५ वर गेलं. मग नासाच्या मार्शल केंद्राने चंद्रमोहिमेची सॅटर्न रॉकेटं इथे विकसित केली. मोहीम आटोपली, निधी आटला आणि सत्तरच्या दशकात वाढ जवळपास थबकली. अवलंबन मोजायला स्थान-गुणक काढतात. समजा, शहरातल्या १०० पैकी २० नोकऱ्या एका क्षेत्रात आणि देशात १०० पैकी १०, तर गुणक २, म्हणजे त्या क्षेत्राचा वाटा देशाच्या दुप्पट. ब्यूरोच्या तिमाही तक्त्यात तो तयार मिळतो. मात्र लहान काउंटीत एखादीच मोठी कंपनी असली, तर गोपनीयतेसाठी तो रकाना झाकलेला असतो. त्याला शून्य समजू नका.

प्रश्न : मुलीला हंट्सविलच्या विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळतोय. नोकऱ्या एवढ्या वाढताहेत, तर तिला मिळेल ना? (पुणे)

वाढीचा मोठा भाग तिच्यासाठी बंद आहे, हे आधीच धरून चला. संरक्षण कंत्राटांतल्या बऱ्याच जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीचा सरकारी परवाना) लागतो आणि तो अमेरिकी नागरिकालाच मिळतो. क्लिअरन्स नको असलेल्या काही जागांनाही शस्त्रास्त्र-निर्यात नियम लागू असतो. तिथे ग्रीन कार्डवाला चालतो, विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला सहसा घेत नाहीत.

प्रवेश घेण्याआधी एक काम करा. तिच्या विषयातल्या हंट्सविलमधल्या पन्नास जाहिराती उघडा आणि ‘क्लिअरन्स’, ‘यूएस सिटिझन’, ‘यूएस पर्सन’ (नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला) यांपैकी एकही शब्द आला की ती बाजूला काढा. उरतील त्या तिच्या. वाहन उद्योग, रुग्णालयं, विद्यापीठ आणि हडसनअल्फासारखी जैवतंत्रज्ञान संस्था इथे शोध घ्यावा. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना एच-१बीची ६५,००० अधिक २०,००० ही वार्षिक मर्यादा लागत नाही, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आले की निघणारी लॉटरी तिथे नाही. पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांतला विषय असेल तर आणखी २४. या जादा २४ महिन्यांसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याचा कामाचा हक्क तपासणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) नोंदलेला असावा लागतो. अलाबामात २०१२ पासून ते सर्वच मालकांना सक्तीचं आहे, तरी मुलाखतीतच विचारून घ्यावं. आणि पन्नासातल्या पाच-सहाच जाहिराती उरल्या, तर अटलांटा किंवा नॅशव्हिलमध्ये नोकरी शोधायची तयारी ठेवूनच प्रवेश घ्या.