वाचकांचे प्रश्न : बंद पडलेली जावा, वाकलेलं हँडल आणि व्हीए नंबर

प्रश्न : आजोबांची 1968 ची जावा 250 बारा वर्षांपासून अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. किक दबते, पण जड लागते. पेट्रोल टाकून मारून पाहू का?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. किक दबते यावरून पिस्टन जाम नाही एवढंच कळतं. आत गंज धरला असेल तर सुरुवातीच्या किकांतच सिलिंडरला ओरखडे पडतील. प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावता किक हातानेच हळू दाबा. खरखर लागली तर हेड उघडा. टू-स्ट्रोकला ते मोठं काम नाही.

जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टॉर्चने टाकीतला गंज बघा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, हवा मारा. पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून 0.4 मिमी गॅप ठेवा. 6 व्होल्टची बॅटरी चांगली हवीच, ती मेलेली असेल तर ठिणगीच पडणार नाही. पहिल्यांदा दोनच लिटर पेट्रोल घाला, त्यात 80 मिली टू-टी.

खरी गोम क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलमध्ये, म्हणजे रबरी कड्यांमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या पेटीत ओढलं जातं, म्हणून ती हवाबंदच लागते. बारा नवतपे काढलेलं रबर कडक होणारच. डावं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं: पांढरा दाट धूर निघत राहतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. उजवं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग आपोआप चढतं, आणि असंच चालवत राहिलात तर पिस्टन जाम होतो. धूर दिसतो म्हणून डावं लवकर पकडलं जातं. उजवं गुपचूप घात करतं. दोन्ही बदलूनच घ्या. डावीकडे क्लच आणि प्रायमरी चेन उतरवावी लागते, उजवीकडे डायनॅमो.

म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून चेक जावा इथे बनवली, पुढे 1973 पासून त्याच घराण्याची येझदी. त्यामुळे येझदीचे बरेच सुटे भाग चालतात. तरी जुना भाग सोबत नेऊन माप जुळवा. आणि चालवताना बूट गिअरच्या दांड्यावर टेकवू नका. या गाडीत तोच दांडा क्लचही उचलतो, म्हणून नुसत्या वजनानेही प्लेटा घसरून झिजतात.

प्रश्न : मुलाने बुलेटला खाली वाकलेलं हँडल लावलंय, म्हणतो कॅफे रेसर आहे. हे खूळ आलं कुठून?
– एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 मध्ये लॉरीवाल्यांसाठी एस कॅफे सुरू झालं. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात पडलं, 1949 मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथे जमणाऱ्या मोटरसायकलवाल्या पोरांचा, म्हणजे रॉकर्सचा, ध्यास एकच, ताशी 100 मैल, म्हणजे 160 किमी. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, सीट एकट्यापुरती, हे सगळं वारा कापण्यासाठी. त्यांची लाडकी गाडी ट्रायटन : नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन. नॉर्टन सुटं इंजिन विकत नसे. 500 सीसी रेसिंग कार बनवणारे अख्खी मोटरसायकल घेऊन इंजिन काढत, आणि फ्रेम उरत. त्यातल्या काही ट्रायटन बनवणाऱ्यांकडे आल्या. 1964 मध्ये क्लॅक्टन आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॉड्स नावाच्या स्कूटरवाल्या पोरांशी या रॉकर्सच्या मारामाऱ्या झाल्या, तेव्हापासून ‘रॉकर’ म्हटलं की लोक नाक मुरडू लागले.

मुलाला एवढं विचारा : फूटरेस्ट मागे घेतलेत का? नुसतं हँडल खाली घेतलं तर सगळा भार मनगटांवर येतो. शिवाय हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, अंगठा टाकी आणि लिव्हरमध्ये चेपत असेल तर अरुंद गल्लीत वळताना गाडी अंगावर येईल. क्लचची केबल वळताना ताणली जात नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नंबर घ्यावा का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : रोज चालवायची असेल तर नको. 2021 च्या नियमांनुसार नव्या नोंदणीचे 20,000 रुपये लागतात, ती 10 वर्षं चालते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. गाडी मूळ रूपात असणंही गरजेचं. सीताबर्डीला भाजी आणायला न्यायची असेल तर जुन्याच नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या.